नगाऱ्याचे छायाचित्र कसे घडते

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आणि जगदंबा देवीचे ठाणे असल्यामुळे बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. तेथील आरती, भोग आणि भजन यांच्याशी नगारा हे वाद्य इतके एकरूप झालेले आहे की, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, त्याची इमारतच नगाऱ्याच्या आकारात उभारण्यात आली आणि ‘नंगारा भवन’ या नावाने ती सर्वतोमुखी झाली. रामनवमीच्या यात्रेत आणि १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीला येथे गावोगावच्या तांड्यांवरून लोक येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात कॅमेरा असलेला मोबाइल असतो, आणि त्यामुळे आज या वाद्याचे जितके फोटो निघतात तितके पूर्वी कधी निघाले नसतील. तरीही या फोटोंमध्ये नगारा बहुधा केवळ एक वस्तू म्हणून दिसतो. तो घुमतो, त्याच्या आघाताने छातीत कंप उठतो, तो कोणाच्या तरी हातचा आहे, यांपैकी काहीही पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

याचे मूळ छायाचित्रण या माध्यमाच्या स्वरूपातच आहे. वाद्य कालप्रवाहात जगते आणि छायाचित्र त्या प्रवाहातला एकच तुकडा उचलते. वाद्याची ओळख नादाने होते आणि छायाचित्राजवळ नाद नसतो. म्हणून वाद्याचे सर्जक छायाचित्र काढणे म्हणजे नादाची जी चिन्हे डोळ्यांना दिसू शकतात ती शोधणे, ती चौकटीत योग्य जागी बसवणे आणि ती खरोखरच पाहणाऱ्याला दिसतात की नाही हे इतरांना विचारून तपासणे होय. या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांवर पुष्कळ लिहिले-बोलले जाते, पण तिसरी पायरी, म्हणजे अभिप्राय, ही शिष्टाचाराची बाब समजून सोडून दिली जाते. वास्तविक पाहता चित्र कोठे फसले आहे हे काढणाऱ्याला स्वतःहून क्वचितच कळते, कारण फोटो पाहताना त्याच्या कानात तो प्रसंग अजून वाजत असतो. पाहणाऱ्याजवळ मात्र केवळ कागद किंवा पडदा असतो.

वाद्य समजून घेणे

नगारा हे अवनद्ध वाद्य आहे, म्हणजे पोकळ भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून ते तयार केलेले असते. भांडे धातूचे आणि अर्धगोलाकडे झुकणाऱ्या आकाराचे असते, त्याच्या तोंडावर कातडे चढवून ते वाद्यांनी, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा दोरीने, खालपर्यंत ओढून घट्ट केलेले असते, आणि वादन दोन टिपऱ्यांनी केले जाते. बंजारा भजनात त्याच्या जोडीला काशाची थाळी आणि झांजही असते. हवेतला ओलावा वाढला की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, ऊन किंवा शेक मिळाला की ते पुन्हा ताणले जाते. त्यामुळे ताण हा नगाऱ्याचा प्राण आहे असे म्हणता येते, आणि सुदैवाने ताण ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. वाद्या कशा ओढल्या गेल्या आहेत, काठावर कातड्याला कोठे चुण्या पडल्या आहेत, नित्याच्या आघाताने पृष्ठभागाचा कोणता भाग गुळगुळीत व काळसर झाला आहे, टिपरीचे टोक कोणत्या बाजूने झिजले आहे, या सर्व खुणांमध्ये त्या वाद्याचा आणि ते वाजवणाऱ्या हातांचा इतिहास साठलेला असतो.

कातड्यावरचा नाद दिसू शकतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कंप पावणाऱ्या पातळ पत्र्यावर वाळू पसरली की ती स्थिर राहणाऱ्या रेषांवर गोळा होते आणि आकृत्या उमटतात, हे दाखवून दिले. भारतात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हीच युक्ती तबला-मृदंगाच्या पुडीवर वापरली. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी १९२० साली या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ सालच्या सविस्तर निबंधात पुडीवर उमटलेल्या वाळूच्या आकृत्यांची छायाचित्रेच छापली. पुडीच्या मध्यावर शाई, म्हणजे काळा लेप, चढवलेली असल्यामुळे तिचे नऊ प्रमुख कंपनप्रकार पाचच स्वरांशांमध्ये एकत्र येतात आणि म्हणून या वाद्यांना निश्चित सूर मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नगाऱ्याला बाहेरून अशी शाई नसते. त्याच्या नादाच्या घडणीत भांड्यात कोंडलेल्या हवेचाही मोठा वाटा असतो, म्हणूनच त्याचे पोट हा केवळ आधार नसून नादाचाच भाग असतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ सरळ आहे: केवळ वरून काढलेला फोटो, ज्यात फक्त कातड्याचे वर्तुळ दिसते, तो या वाद्याचे अर्धेच सत्य सांगतो, आणि पोट, काठ व कातडे या तिन्हींचा संबंध दाखवणारा तिरपा कोन त्याहून अधिक बोलका ठरतो.

ऊन, धातू आणि कातडे

कोणत्याही पृष्ठभागाचा पोत दिसण्यासाठी प्रकाश तिरपा असावा लागतो, कारण पोत म्हणजे वस्तुतः बारीक उंचवट्यांच्या सावल्या असतात. वाशीम जिल्हा साधारणपणे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे रामनवमीच्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंशांहून अधिक उंचीवर असतो; त्या उन्हात उघड्यावर ठेवलेल्या नगाऱ्याचे कातडे पांढरेफटक दिसते, पोट स्वतःच्याच सावलीत बुडते आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे उमटतात. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळतीला लागल्यावर तेच ऊन आडवे येते आणि कातड्यावरचा एकेक ओरखडा उठून दिसू लागतो. मंदिराच्या किंवा मंडपाच्या आत काम करायचे असेल तर दाराकडून येणारा एका बाजूचा उजेड बहुधा पुरेसा असतो आणि विरुद्ध बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरली की सावलीतल्या भागालाही थोडा उजेड परतून मिळतो.

धातूच्या भांड्याची अडचण निराळी असते. गोलाईवर चकाकी असेल तर ते बहिर्वक्र आरशासारखे वागते आणि आजूबाजूचे सर्व काही, अगदी फोटो काढणारी व्यक्तीसुद्धा, त्यात प्रतिबिंबित होते. अशा वेळी ध्रुवण फिल्टर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी काच, लावावी असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ही काच पाणी, काच किंवा सतारीवरील पॉलिश यांच्यावरची चकाकी कमी करते, उघड्या धातूवरच्या चकाकीवर तिचा फारसा परिणाम होत नाही. तेथे उपयोगी पडते ते प्रतिबिंबाचेच नियोजन: भांड्यात जे प्रतिबिंब पडणार आहे ते पसरट आणि साधे असावे, जसे की चुन्याची भिंत, ताणलेले कापड किंवा मोकळे आकाश, म्हणजे चकाकीचा एक लांब सौम्य पट्टा गोलाईवर उमटतो आणि तोच तिच्या आकाराची जाणीव करून देतो.

उजेडाचे मोजमाप करताना कॅमेरा कसा चुकतो, हेही ठाऊक असणे आवश्यक आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे काळपट भांड्याने चौकट भरली की तो चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि भांडे राखाडी दिसते, आणि फिकट कातड्याने चौकट भरली की उलट ते मळकट होते. मोबाइलवर बोटाने स्पर्श करून उजेड कमी-जास्त करण्याची जी पट्टी येते ती याच दुरुस्तीसाठी असते. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे अगदी जवळून फोटो काढला की नगाऱ्याचे तोंड एका बाजूने फुगल्यासारखे दिसते. दोन पावले मागे जाऊन दुपटीच्या भिंगाने फोटो काढल्यास वाद्याचे प्रमाण बरेचसे खरे राहते. कॅमेऱ्यात झरोका, म्हणजे भिंगातील प्रकाश आत सोडणारे छिद्र, जितका लहान तितका अधिक खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो, म्हणून तिरप्या कोनातून जवळचा काठ आणि पलीकडचा काठ दोन्ही रेखीव हवे असल्यास एफ-८ ते एफ-११ या टप्प्यातील झरोका सोयीचा पडतो.

आघाताचा क्षण

नगारा वाजत असतानाचा फोटो काढताना पहिला निर्णय असतो तो गती गोठवायची की वाहू द्यायची हा. टिपरीचे टोक सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येत आहे असे गृहीत धरले, तर कॅमेऱ्याचा पडदा १/६० सेकंद उघडा राहिल्यास ते टोक चित्रात सुमारे आठ सेंटिमीटर अंतर कापते आणि धुरकट पट्टा उमटतो. तोच पडदा १/१००० सेकंद उघडला तर ते अंतर पाच मिलिमीटर एवढेच राहते आणि टिपरी हवेत थबकल्यासारखी दिसते. गोठवलेल्या चित्रात रेखीवपणा असतो, परंतु ते अनेकदा निःशब्द वाटते. वाहू दिलेल्या चित्रात लय असते, परंतु सारेच धूसर झाले तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला विसावा मिळत नाही. मधला मार्ग असा की, नगाऱ्याचा काठ आणि वाजवणाऱ्याचा चेहरा स्थिर व स्पष्ट राहावा आणि केवळ हात व टिपऱ्या वाहत्या राहाव्यात. त्यासाठी कॅमेरा टेकूवर किंवा खांबाला लावून घट्ट धरावा लागतो आणि १/१५ ते १/६० सेकंद या टप्प्यात अनेक फोटो काढून पाहावे लागतात.

आघाताच्या क्षणाइतकाच त्याच्या आधीचा क्षणही अर्थपूर्ण असतो. टिपरी सर्वांत वर गेलेली असते, मनगट वळलेले असते आणि पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो आवाज पाहणारा स्वतःच्या मनात पुरा करतो. ठेका जाणणाऱ्यालाच हा क्षण आधी कळतो. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी काही आवर्तने नुसती ऐकणे, हात कोठून उठतो आणि कोठे क्षणभर थांबतो हे लक्षात घेणे, ही या कामातील खरी पूर्वतयारी ठरते.

चौकट: किती ठेवायचे, किती सोडायचे

चौकटीचे महत्त्व सांगताना जगभरचे शिक्षक ज्या एका वाद्यचित्राचा दाखला देतात ते अमेरिकन छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन याने १९४६ साली काढलेले संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे चित्र होय. न्यूमनने मूळ फोटो बराच रुंद काढला होता. नंतर त्याने तो कठोरपणे कापला आणि भव्य पियानोचे उघडे काळे झाकण जवळजवळ सारी चौकट व्यापेल व संगीतकार खालच्या डाव्या कोपऱ्यात कोपर टेकून बसलेला दिसेल अशी रचना केली. त्या झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातील कोमल स्वराच्या चिन्हाशी मिळताजुळता आहे, त्यामुळे वाद्याच्या देहातूनच संगीताचे अक्षर उमटल्यासारखे वाटते. ज्या ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी हे चित्र काढले होते त्याने ते नाकारले, आणि पुढे तेच न्यूमनचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ठरले. या एका उदाहरणातून दोन गोष्टी शिकता येतात: चित्र कॅमेऱ्याची कळ दाबल्यानंतरही घडत राहते, आणि प्रत्येक नकार म्हणजे योग्य अभिप्राय असतोच असे नाही.

याच्या अगदी उलट वाट न्यूझीलंडचा छायाचित्रकार चार्ल्स ब्रुक्स याने धरली. स्वतः व्यावसायिक सेलोवादक राहिलेल्या ब्रुक्सने अतिशय बारीक नळीसारख्या भिंगाने वाद्यांच्या पोटातले फोटो काढले, आणि एकाच दृश्याचे वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित केलेले अनेक फोटो संगणकावर एकत्र जोडून असे चित्र तयार केले की १७८० च्या सुमाराचा एक सेलो आतून एखाद्या प्रशस्त लाकडी सभागृहासारखा दिसू लागला. वाद्य जाणणाऱ्या माणसालाच त्याच्या पोटात डोकावण्याची इच्छा झाली, ही बाब येथे महत्त्वाची आहे. नगाऱ्याच्या बाबतीत कातडे उतरवल्याखेरीज असे करता येत नाही आणि पूजेतल्या वाद्याचे कातडे फोटोसाठी उतरवावे असे कोणी सुचवूही नये. परंतु जेथे वाद्याची मढवणूक किंवा दुरुस्ती मुळातच चालू असते, तेथे रिकामे भांडे, भिजवलेले कातडे आणि वाद्या ओवणारी बोटे यांची चित्रमालिका काढता येते, आणि ती एका उत्सवी फोटोपेक्षा कितीतरी अधिक माहिती देऊन जाते.

अभिप्रायाची रीत

फोटो एकमेकांना दाखवून त्यावर चर्चा करण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होते, आणि अशा संस्थांच्या बैठकांमध्ये सभासदांनी काढलेले फोटो सर्वांसमोर मांडले जात. पुढे स्पर्धा व प्रदर्शने वाढली तसे परीक्षकांनी गुण देण्याची पद्धत रूढ झाली. तिने निवड होते, परंतु गुणांच्या आकड्यातून काय सुधारावे हे कळत नाही. आजच्या मोबाइलच्या युगात त्या आकड्याची जागा पसंतीच्या खुणांनी आणि ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ अशा उद्गारांनी घेतली आहे. नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचे काय, या म्हणीचा प्रत्यय येथेही येतो, कारण शंभर कौतुकांच्या गजरात ‘डाव्या बाजूची प्लास्टिकची खुर्ची खटकते’ असे सांगणारा एक बारीक आवाज कोणाला ऐकूच येत नाही, आणि सुधारणेचे बीज नेमके त्याच आवाजात असते.

उपयोगी अभिप्रायाला एक क्रम असतो. पाहणाऱ्याने प्रथम चित्रात काय दिसते ते केवळ वर्णन करून सांगावे, मग नजर प्रथम कोठे जाते आणि शेवटी कोठे थांबते ते सांगावे, त्यानंतर चित्राने मनात काय उमटले ते सांगावे, आणि अगदी शेवटी, विचारले तरच, काय बदलावे ते सुचवावे. चित्र काढणाऱ्याने या सर्व वेळी गप्प राहावे. कारण ‘त्या वेळी उजेडच नव्हता’ किंवा ‘गर्दी फार होती’ हे स्पष्टीकरण चित्रासोबत प्रत्येक पाहणाऱ्यापर्यंत जाणार नसते. वर्णनाची पायरी वरवर क्षुल्लक वाटते, परंतु सर्वांत जास्त उलगडा तिच्यातूनच होतो: छायाचित्रकाराला जो नगारा चित्राचा नायक वाटत होता, त्याचा उल्लेख पाहणाऱ्याने तिसऱ्या वाक्यात केला, तर चौकट कोठे बिघडली आहे हे आणखी काही न सांगताच कळून चुकते.

उदाहरणादाखल एक सर्वसाधारण फोटो घ्यावा. भर दुपारी, उभ्या उंचीवरून, नगारा बरोबर मध्यभागी ठेवून तो काढलेला आहे. शेजारी एक गृहस्थ हातात टिपऱ्या घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत उभे आहेत आणि मागे भाविकांची रांग, ध्वनिक्षेपक व चपलांचा ढीग आहे. छायाचित्रणाची जाण असलेली व्यक्ती या चित्राबद्दल सांगेल की पार्श्वभूमीत गजबज आहे, सावल्या कडक आहेत आणि कॅमेरा वाद्याच्या पातळीवर उतरलेला नाही. या विषयाशी काही संबंध नसलेली व्यक्ती सांगेल की हा सत्काराचा फोटो वाटतो. नगारची, म्हणजे नगारा वाजवणारा जाणकार, यांपैकी काहीच बोलणार नाही. तो म्हणेल की टिपऱ्या अशा धरत नाहीत, कातडे सैल पडलेले दिसते, आणि देवीच्या वाद्यामागे चपला येऊ द्यायला नको होत्या. पहिला अभिप्राय चित्राच्या भाषेबद्दल आहे, दुसरा त्याच्या अर्थाबद्दल आणि तिसरा त्याच्या खरेपणाबद्दल. तिन्ही मिळाल्याशिवाय पुढचा फोटो सुधारत नाही.

या अभिप्रायांनंतरचा दुसरा फोटो सकाळच्या आडव्या उन्हात, गुडघ्यावर बसून, काठाच्या किंचित वरच्या उंचीवरून काढला जाईल. मागे भिंत येईल असा कोन निवडलेला असेल आणि वाजवणारी व्यक्ती कॅमेऱ्याला विसरून ठेक्यात गुंतलेली असेल. त्याच्यावर पुन्हा अभिप्राय घेतला तर कदाचित असे आढळेल की आता चित्र नीटनेटके झाले, पण थंड झाले. मग तिसऱ्या वेळी पडद्याचा वेग कमी करून टिपऱ्यांना वाहू दिले जाईल, किंवा चौकट आवळून चेहरा वगळला जाईल आणि केवळ झिजलेले कातडे, मनगट आणि टिपरीचे टोक एवढेच ठेवले जाईल. प्रत्येक फेरीत एकच मोठा बदल करावा हे पथ्य महत्त्वाचे आहे, कारण उजेड, कोन आणि चौकट एकदम बदलली की कोणत्या बदलाने काय साधले हे समजत नाही. आधीचे सर्व फोटो जपून ठेवावेत, आणि शक्य असल्यास ते रॉ फाइलच्या स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सर्व माहिती संस्कार न करता साठवणाऱ्या स्वरूपात असावेत, म्हणजे नंतर सुचलेली दुरुस्ती मूळ चित्रावर पुन्हा करून पाहता येते.

दुरुस्तीला अंत कोठे, हा प्रश्न मोठमोठ्या कलावंतांनाही सुटलेला नव्हता. तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केलेला अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स मूळ निगेटिव्हला स्वरलिपीच्या आणि तिच्यावरून काढलेल्या प्रतीला वादनाच्या जागी मानत असे. न्यू मेक्सिकोतील एका गावावरील चंद्रोदयाच्या त्याच्या १९४१ सालच्या चित्राच्या प्रती तो पुढे अनेक दशके काढत राहिला, आणि त्या प्रतींमधले आकाश वर्षागणिक अधिकाधिक काळे होत गेले. एकच चीज वयानुसार वेगळी गाणाऱ्या गायकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. मात्र उजेड-सावलीचा समतोल बदलणे आणि वस्तुस्थिती बदलणे यांत फरक आहे. कातड्यावरचे ओरखडे पुसून टाकणे, गंजाचे डाग काढणे किंवा नसलेल्या ज्योती आणि धूर जोडणे ही दुरुस्ती नव्हे, कारण तीच चिन्हे त्या वाद्याला इतर नगाऱ्यांपासून वेगळे करीत असतात.

ज्यांचे वाद्य, त्यांचे मत

अभिप्रायाचा प्रश्न केवळ कलेचा नाही, तो अधिकाराचाही आहे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड प्रसिद्ध झाले, आणि त्यांत भारतातील जाती-जमातींची शेकडो छायाचित्रे राज्यकर्त्यांच्या उपयोगासाठी वर्णनांसह छापली गेली. ज्यांचे फोटो काढले त्यांनी कसे दिसावे, खाली काय लिहिले जावे, याविषयी त्यांना कोणी विचारले नाही. अशा प्रकल्पांत माणूस नमुना ठरला आणि त्याच्या हातातली वस्तू त्या नमुन्याची खूण ठरली. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा आणि रेल्वे आल्यावर व्यापार गमावून बसलेला बंजारा समाज बाहेरच्यांच्या अशा नजरेला दीर्घकाळ तोंड देत आला आहे. आरशांची कशिदाकारी केलेला वेश आणि त्याच्या शेजारी नगारा एवढेच टिपणारे आजचे अनेक फोटो नकळत त्याच जुन्या रांगेत जाऊन बसतात.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांची किंवा भजनी मंडळाची परवानगी घ्यावी, वाद्याला हात लावायचा असल्यास विचारून लावावा, आणि फोटो काढल्यावर तो मोबाइलच्या पडद्यावर दाखवण्यावर न थांबता त्याची छापील प्रत वाजवणाऱ्याच्या हातात द्यावी. छापील प्रत माणसे निवांतपणे पाहतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवतात, आणि तांड्यावरच्या नायकापासून, म्हणजे प्रमुखापासून, ते शाळकरी मुलापर्यंत प्रत्येक जण तिच्याबद्दल काहीतरी सांगतो. हा नगारा कोणी मढवला, टिपऱ्या कोणत्या लाकडाच्या आहेत, हा ठेका आरतीचा की भजनाचा, याची उत्तरे या संभाषणातूनच मिळतात, आणि पुढच्या फोटोत काय शोधायचे हे ती उत्तरे ठरवतात. वाजवणाऱ्याला स्वतःचा जो फोटो आवडतो तो छायाचित्रकाराला आवडलेल्या फोटोहून बहुधा वेगळा असतो. दोघांची निवड शेजारी-शेजारी ठेवून तिचे कारण शोधणे, हा या अभ्यासातला अत्यंत फलदायी भाग आहे.

फोटोखालची ओळ हीसुद्धा चित्राचाच भाग असते. गाव, तारीख, प्रसंग, वाद्याचे स्थानिक नाव, मढवणाऱ्याचे व वाजवणाऱ्याचे नाव त्यांच्या संमतीने, आणि संगणकावर काही बदल केले असल्यास त्यांचा उल्लेख, एवढा मजकूर दिला की फोटो शोभेच्या वस्तूतून दस्तऐवज होतो. गावोगावच्या मंदिरांत मोटारीवर चालणारे आरतीचे यंत्र आज हाताच्या नगाऱ्याची जागा घेत असताना अशा दस्तऐवजांची गरज वाढणार आहे. केवळ सुंदर असलेल्या आणि खाली काहीच न लिहिलेल्या चित्रात पुढच्या पिढीतील नगारची चूक काढू शकत नाही, कारण ते कशाचे चित्र आहे हेच त्याला ठाऊक नसते. नीट नोंद असलेल्या चित्राची मात्र तो पारख करू शकतो, त्यात भर घालू शकतो, आणि चित्र काढणारा हयात नसला तरीही त्याच्या कामावरचा अभिप्राय चालू राहतो.